गल्ला नेमकं काय मोजतो?

अ‍ॅनिमेशनपट थिएटरात लागला की दुसऱ्याच दिवशी फोनवर आकडा येऊन धडकतो. इतके कोटी, इतक्या दिवसांत. सिनेमा कसा आहे हे कुणी विचारायच्या आधीच कमेंटमध्ये निकाल लागतो: चालला म्हणजे भारी, पडला म्हणजे भंगार.

हा निकाल कितपत खरा, ते बघायला २००२ साल बरं आहे. त्या वर्षी डिस्नेने अमेरिकेत आणलेले, हाताने रेखाटलेले तीन सिनेमे घेऊ. 'लिलो अँड स्टिच', 'ट्रेझर प्लॅनेट' आणि हायाओ मियाझाकींचा जपानी 'स्पिरिटेड अवे'. तिघांनाही ऑस्करचं नामांकन होतं. जिंकला 'स्पिरिटेड अवे'.

आता गल्ला बघा. 'स्पिरिटेड अवे'ने जपानमध्ये तीन हजार कोटी येनच्या वर कमावले. तिथला तो विक्रम जवळपास दोन दशकं टिकला. अमेरिकेत मात्र त्याची कमाई सुमारे १ कोटी डॉलर. पाण्यावरून जाणाऱ्या आगगाडीत चिहिरो गप्प बसून राहते, तो प्रसंग दोन्हीकडे तोच होता. विमानाने समुद्र ओलांडताना सिनेमा बिघडला नाही. बदलले ते पडदे, ओळख आणि प्रेक्षकांची सवय.

म्हणून 'पडलेला तो थोर' असंही नाही. सुमारे ८ कोटी डॉलरमध्ये बनलेल्या 'लिलो'ने जगभर २७ कोटींच्या आसपास मिळवले, आणि तो आहेच चांगला. धाकट्या बहिणीला सांभाळताना नोकरी गमावणारी नानी कुठल्याही घरातली वाटते. 'ट्रेझर प्लॅनेट'वर सुमारे १४ कोटी खर्च झाले, परत आले जेमतेम ११. त्यात खोट आहेच: बेन नावाचा बडबड्या रोबो आला की शेवटच्या भागाचा ताण सैल पडतो. पण सिल्व्हर बघा. त्याचं शरीर हाताने काढलेलं, यांत्रिक हात संगणकावर केलेला, आणि दोन्ही मिळून एकच माणूस वाटतो. जिमला सोडून गेलेला बाप आणि त्याला काम शिकवणारा सिल्व्हर एकाच गाण्यात आळीपाळीने दिसतात, तिथे घसा दाटतो. हा सिनेमा थिएटरात आला तेव्हा दुसरा 'हॅरी पॉटर' लागून दोन आठवडेही झाले नव्हते. ते गल्ल्याच्या आकड्यात दिसत नाही.

आकडा चुकीचा वाचला तर बिघडतं काय? पुष्कळ. त्या काळात डिस्नेने हातरेखाटनातून अंग काढून घेतलं. प्रेक्षकांना आता संगणकावरचंच हवं, असा सूर होता. त्याच वर्षीचा, त्याच पद्धतीचा 'लिलो' समोर असतानाही! फ्लोरिडातल्या ज्या स्टुडिओत 'लिलो' घडला, तोही २००४मध्ये बंद झाला. म्हणजे गल्ला भरूनही चित्रकारांचे हात वाचले नाहीत.

गल्ला खोटं बोलत नाही. त्या आठवड्यांत लोकांनी तिकिटांवर किती पैसे खर्च केले, एवढं तो सांगतो. आत बसल्यावर त्यांना काय मिळालं, हे त्याला ठाऊक नसतं. ते आपल्याला बघून ठरवावं लागतं. तेव्हा एखाद्या संध्याकाळी 'ट्रेझर प्लॅनेट' लावा. बेनवर वैतागा, सिल्व्हरवर जीव लावा, किंवा अर्ध्यात बंद करा. निदान ते मत तुमचं असेल.