कानात टाकलेलं अमॉक्सिसिलिन

मंडळी, अमेरिकेतल्या हिस्पॅनिक मुलांच्या आरोग्यावर ढीगभर लिखाण आहे. त्यातला एकच निबंध आज हातात घेऊ, कारण त्याचा दाखला सगळे देतात आणि वाचतात मात्र अर्धवट. ग्लेन फ्लोरेस आणि सहकाऱ्यांचा हा निबंध २००३ साली ‘पेडिअ‍ॅट्रिक्स’मध्ये आला.

त्यांनी केलं काय? बालरोग विभागातल्या फक्त १३ भेटी ध्वनिमुद्रित केल्या. आई स्पॅनिश बोलणारी, डॉक्टर इंग्रजी, मध्ये दुभाषी. मग शब्द न् शब्द उतरवून चुका मोजल्या. त्या निघाल्या ३९६, म्हणजे भेटीमागे साधारण ३१. त्यातल्या ६३ टक्के चुका उपचारावर परिणाम करू शकतील अशा. चेहऱ्यावरच्या पुरळाचं मलम अंगभर लावायला सांगितलं गेलं. कान दुखतो म्हणून तोंडानं द्यायचं अमॉक्सिसिलिन दोन्ही कानांत घालायला सांगितलं! आणि एका भेटीत दुभाषी कोण होतं? अकरा वर्षांचं भावंड.

निबंधाची ताकद इथंच आहे. ‘या लोकांची संस्कृतीच तशी, औषधं नीट घेत नाहीत’ हे जे सर्रास बोललं जायचं, त्याला यानं पुराव्यानिशी उत्तर दिलं. आईनं ऐकलं तसंच केलं असतं तरी मूल धोक्यातच होतं, हो की नाही?

पण लोक पुढचं वाचत नाहीत. तात्पुरत्या दुभाष्यांच्या चुकांपैकी ७७ टक्के घातक ठरू शकणाऱ्या होत्या. रुग्णालयाच्या स्वतःच्या दुभाष्यांच्याही ५३ टक्के होत्याच की. म्हणजे ‘दुभाषी नेमा’ एवढं म्हणून भागत नाही. त्याला शिकवायला हवं, किती तास ते ठरवायला हवं. फ्लोरेस यांच्याच २०१२ च्या अभ्यासात शंभर तास किंवा जास्त प्रशिक्षण झालेल्यांमध्ये अशा चुकांचं प्रमाण २ टक्क्यांवर आलेलं दिसतं. त्याहून कमी शिकलेल्यांमध्ये ते १२ होतं. पैसे लागतात तिथं, आणि चर्चा नेमकी तिथंच थांबते.

माझा मोठा आक्षेप मात्र या निबंधावर नाही, त्याच्या वापरावर आहे. भाषा हे फार सोयीचं कारण झालंय. दमा घ्या. अमेरिकेत दम्याचं प्रमाण सगळ्यात जास्त आढळतं ते पोर्टो रिकन मुलांमध्ये. मेक्सिकन वंशाच्या मुलांमध्ये ते बरंच कमी. दोघांनाही रकाना एकच, ‘हिस्पॅनिक’. सरासरी काढली की दोघंही गायब! आता पोर्टो रिकन लोक १९१७ पासून अमेरिकी नागरिक आहेत. त्यांची कितीतरी मुलं इंग्रजी उत्तम बोलतात. मग दुभाष्यानं काय होणार? साऊथ ब्राँक्समधून जाणारे महामार्ग, ट्रकांचा धूर, ओल धरलेल्या जुन्या इमारती, हे कुठल्या भाषांतराच्या चुकीत मोजायचं?

उलट बाजूही आहे. मूल अमेरिकेत जन्मलेलं, कायद्यानं नागरिक. आईवडिलांकडे कागदपत्रं नाहीत. मेडिकेडचा अर्ज स्पॅनिशमध्ये मिळतो, बाई तो वाचूही शकते, पण भरत नाही. पत्ता द्यावा लागतो ना! २०१९ मध्ये ‘पब्लिक चार्ज’चा नियम कडक झाला, तेव्हा मुलांच्या मेडिकेडला त्यातून वगळलं होतं. तरीही भीतीपोटी लोकांनी मुलांची नावं काढून घेतली. तिला समजलं नाही असं कसं म्हणायचं? सरकारी दारात नाव नोंदवायचं की नाही, याचा हिशेब तिनं स्वतःपुरता केला होता.

इथं बसलेल्या अनेकांची नातवंडं तिकडे आहेत. ‘इमिग्रंट’ म्हणून आपण सगळ्यांना एका ओळीत धरतो. ती ओळ जरा तपासून बघा.

२०२५ च्या मार्चमध्ये इंग्रजी अधिकृत भाषा ठरली आणि भाषासाहाय्याचा क्लिंटनकालीन आदेश रद्द झाला. १९६४ चा नागरी हक्क कायदा अजून आहे. पण रुग्णालयाच्या अंदाजपत्रकात दुभाष्यांच्या ओळीवर कात्री चालवायला निमित्त मिळालं, आणि त्या अकरा वर्षांच्या पोराला पुन्हा खुर्ची ओढून मध्ये बसवतील अशी मला धास्ती वाटते.