चित्रपुस्तकाधारित गृहशिक्षण : ‘फाइव्ह इन अ रो’ या पाठ्यक्रमाची चिकित्सा

प्रस्तावना

शाळेत न पाठवता मुलांना घरीच शिकवण्याच्या प्रथेला अमेरिकेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चळवळीचे स्वरूप आले. जॉन होल्ट यांनी १९७७ मध्ये ‘ग्रोइंग विदाउट स्कूलिंग’ हे नियतकालिक सुरू केले आणि १९९३ पर्यंत तेथील सर्व ५० राज्यांत गृहशिक्षणाला कायदेशीर मान्यता मिळाली. याच पार्श्वभूमीवर जेन क्लेअर लँबर्ट यांचा ‘फाइव्ह इन अ रो’ हा पाठ्यक्रम १९९०च्या दशकात पुढे आला. साधारणतः चार ते आठ वर्षे वयोगटासाठी असलेल्या या पाठ्यक्रमात पाठ्यपुस्तकाची जागा चित्रपुस्तक घेते. एकच पुस्तक सलग पाच दिवस वाचायचे आणि दररोज त्यातून सामाजिक शास्त्रे, भाषा, कला, गणित व विज्ञान यांपैकी एका विषयाकडे जायचे, अशी त्याची योजना आहे. ही योजना चित्रपुस्तकाला न्याय देते काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पुनर्वाचनाचे सामर्थ्य

या पाठ्यक्रमाचे खरे बळ पुनर्वाचनात आहे. तीच गोष्ट पुन्हा सांगण्याचा हट्ट लहान मूल धरते, त्या हट्टाला येथे शिक्षणात स्थान मिळाले आहे. अक्षरओळख नसलेले मूल चित्र वाचत असते. प्रौढ वाचक शब्दांमागे धावताना जे ओलांडून जातो, ते मुलाला दुसऱ्या-तिसऱ्या वाचनात सापडते.

व्हर्जिनिया ली बर्टन यांचे १९३९ मधील ‘माइक मलिगन अँड हिज स्टीम शव्हेल’ हे पुस्तक या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. नव्या यंत्रांमुळे निरुपयोगी ठरलेले वाफेवरचे खोदयंत्र एका गावाच्या सभागृहाचे तळघर एका दिवसात खोदते; पण घाईत बाहेर येण्याची वाट ठेवायचीच राहून जाते. पहिल्या वाचनात उत्सुकता असते ती काम सूर्यास्तापूर्वी पुरे होईल की नाही याची. शेवट ठाऊक झाल्यावर मात्र ही चूक नेमकी कोठे होते, याकडे लक्ष जाते. अडचणीतून मार्ग सुचवतो तो एक लहान मुलगा, ही गोष्टही तेव्हाच अर्थपूर्ण होते. एकदाच वाचून पुढच्या धड्याकडे वळणाऱ्या वर्गपद्धतीत हा अनुभव दुर्मीळ असतो.

वाचन की विषयाध्यापन?

लुईझ रोझेनब्लॅट यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द रीडर, द टेक्स्ट, द पोएम’ या ग्रंथात वाचनाच्या दोन भूमिका वेगळ्या केल्या. वाचून झाल्यावर हाती काय उरते याकडे लक्ष असलेले वाचन ही एक, आणि वाचत असताना काय अनुभवास येते याकडे लक्ष असलेले वाचन ही दुसरी. प्रस्तुत पाठ्यक्रमात पहिली भूमिका दुसरीवर मात करण्याचा धोका आहे.

मार्जरी फ्लॅक यांनी लिहिलेले आणि कुर्ट विझे यांनी चित्रित केलेले ‘द स्टोरी अबाउट पिंग’ हे १९३३ मधील पुस्तक या पाठ्यक्रमाच्या पहिल्या खंडात आहे. यांगत्से नदीवरील नावेत राहणारे पिंग हे बदकाचे पिलू सर्वांत शेवटी नावेवर चढणाऱ्यास बसणारा फटका चुकवण्यासाठी लपून राहते आणि एका दिवसाच्या संकटानंतर तोच फटका पत्करून घरी परतते. आईवडील, दोन बहिणी, तीन भाऊ, अकरा मावश्या-आत्या, सात काका-मामा आणि बेचाळीस भावंडे, ही पिंगची नातलग मंडळी मोजल्यास सदुसष्ट भरतात. गणिताचा पाठ तयार होतो. पिंपामुळे पाण्यावर तरंगणारा मुलगा विज्ञानाचा पाठ देतो. जगाच्या नकाशावर गोष्टीची चकती लावली की भूगोल झाला.

परंतु हा भूगोल १९३३ च्या पुस्तकातला आहे. पाणकावळ्यांकडून मासे पकडून घेणारे कोळी ज्या नदीवर दाखवले आहेत, तेथे जानेवारी २०२१ पासून दहा वर्षांची मासेमारीबंदी लागू झाली आहे. कथेतील चीन हा आजचा चीन नव्हे, हे पालकाने सांगितले नाही तर नकाशावरील चकती ज्ञानाऐवजी गैरसमज पक्का करते.

याहून गंभीर प्रश्न त्या फटक्याचा आहे. उशीर कोणालाही झाला तरी शेवटच्याला शिक्षा होणारच, हा नियम न्याय्य आहे काय? पिंग परत येतो तो शहाणपणामुळे, की एकटेपणाच्या भीतीमुळे? कथा याचे उत्तर देत नाही. तिचे वाङ्मयीन मूल्य याच मोकळ्या जागेत आहे. वर्गात एखादे मूल नियमाची बाजू घेईल, दुसरे पिंगची. घरी मात्र शिक्षा करणारा, गोष्ट वाचणारा आणि अर्थ सांगणारा माणूस बहुधा एकच असतो. त्याने ‘म्हणून मोठ्यांचे ऐकावे’ असे तात्पर्य काढले, तर विरोधी सूर उमटण्यास तेथे दुसरे कोणी नसते. गृहशिक्षणाची ही मर्यादा चित्रपुस्तकाच्या बाबतीत अधिक ठळक होते.

मराठी वाचकाच्या संदर्भात

मराठी घरात हेच पुस्तक वाचताना एक वेगळी अडचण उभी राहते. इंग्रजीतील एका शब्दासाठी आत्या, मावशी, काकू, मामी यांतून निवड करावी लागते. या निवडीत भाषेचा अस्सल पाठ दडलेला आहे; मात्र तो कोणत्याही मार्गदर्शिकेत सापडणार नाही. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ या संचात घरातील माणसेच पुस्तकाचा विषय होतात. तेथे मुलाला नाते शिकवावे लागत नाही, ते ओळखीचेच असते. परकी पुस्तकयादी जशीच्या तशी उचलण्याऐवजी पुनर्वाचनाचे तत्त्व घेऊन पुस्तके आपल्या परिसरातून निवडणे अधिक श्रेयस्कर ठरेल.

निष्कर्ष

‘फाइव्ह इन अ रो’ने चित्रपुस्तकाला प्राथमिक शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. पालकाने सुचवलेल्या पाठांतून निवड करावी, सर्वच घेऊ नयेत, ही मुभाही त्यात आहे. तथापि विषयांची विभागणी शाळेचीच राहिल्याने शाळेच्या भिंती ओलांडूनही तिचे वेळापत्रक घरात शिरते. पाचांपैकी निदान एक दिवस कोणत्याही विषयाविना, केवळ गोष्टीसाठी राखला जावा आणि त्या दिवशी प्रश्न विचारण्याचा अधिकार मुलाकडे असावा. असे झाले तरच चित्रपुस्तक हे पाठ्यपुस्तकाचे रंगीत रूप न राहता साहित्य म्हणून मुलापर्यंत पोहोचेल.