गट पाडले, आता पुढे काय? सुप्त वर्ग आणि नंतरच्या वर्षाचा हिशेब

मंडळी, परभणी जिल्ह्यात शेतकरी कुटुंबांची पाहणी म्हटलं की प्रश्न साधारण ठरलेले असतात. जमीन किती, विहीर किंवा बोअर आहे का, बैलजोडी आहे का, सोसायटीचं कर्ज थकलंय का. या उत्तरांमागे न दिसणारे गट आहेत असं आपण धरतो. काही कुटुंबं कोंडीत सापडलेली, काही तग धरून असलेली. यालाच सुप्त वर्ग, म्हणजे लेटंट क्लास म्हणतात. पॉल लाझर्सफेल्ड यांनी ही कल्पना १९५० मध्ये मांडली, ती जुनीच आहे.

आमची तक्रार कल्पनेबद्दल नाही, तिच्या वापराबद्दल आहे. ही पद्धत कुटुंबाला शिक्का देत नाही, शक्यता देते. 'हे घर कोंडीतलं असण्याची शक्यता ७० टक्के.' अहवाल लिहिताना मात्र ते ७० गळून पडतात आणि घर सरळ कोंडीतलं होतं. मग पुढच्या दिवाळीनंतर ऊसतोडीला कोण गेलं, याचा तक्ता या शिक्क्यांवर मांडला जातो.

काय बिघडतं, बघा. आकडे आमचे, नुसते समजण्यापुरते. दोन्ही वर्गांत खरी १००-१०० घरं. कोंडीतल्यांपैकी ५० घरं ऊसतोडीला जातात, तग धरलेल्यांपैकी १०. शिक्का मारताना दोन्हीकडे २०-२० घरं चुकीच्या बाजूला पडली. आता 'कोंडीतले' म्हणून लिहिलेल्या शंभरांत ४२ घरं गेलेली दिसतात आणि दुसरीकडे १८. चाळीसचा फरक चोवीसवर आला. गावात काहीच बदललं नाही, फक्त आपण शिक्के मारले!

कुणी म्हणेल, ऊसतोडही पहिल्याच मॉडेलमध्ये घाला. मॉडेल बरोबर असेल तर आकडे चुकत नाहीत, पण गटाचा अर्थ सरकतो. स्थलांतरावरून गट ठरवायचा आणि त्याच गटाने स्थलांतर समजावायचं, म्हणजे उत्तर बघून गणित सोडवणं झालं.

यावर बॉल्क, क्रून आणि हाखनार्स यांनी २००४ मध्ये उपाय सुचवला आणि व्हर्मुंट यांनी २०१० मध्ये तो सुधारला. शिक्के किती चुकतात हे मॉडेललाच माहीत असतं, मग ती चूक उलटी फिरवा. वरच्या आकड्यांत ४२ चे चार भाग घ्या, त्यातून १८ चा एक भाग वजा करा, तीनने भागा. १६८ उणे १८, दीडशे, भागिले तीन. पन्नास! खरा आकडा परत आला.

इथं टाळ्या वाजवायची घाई नको. दुरुस्त झाली ती टक्केवारी, यादी नाही. हंगामी वसतिगृहात मुलं घ्यायची तर नावं लागतात आणि चुकीच्या बाजूला पडलेली ती वीस घरं नेमकी कोणती, हे व्हर्मुंट सांगू शकत नाहीत. त्यातली दहा घरं कोयता घेऊन गेलीसुद्धा, आणि नाव मात्र 'तग धरून' असलेल्यांच्या यादीत. वर्गाबद्दल बोलायला ही पद्धत उत्तम आहे. तिच्यावरून लाभार्थी यादी काढणं आम्हाला मान्य नाही.

दुसरी अडचण जिल्ह्याच्या आतलीच. पाथरीकडे जायकवाडीचा डावा कालवा आहे. तिथल्या कालव्यावरच्या शेतकऱ्याला विहीर नसली म्हणून तो कोरडवाहू ठरत नाही. जिंतूरच्या डोंगरपट्ट्यात तेच 'नाही' पार वेगळं असतं. प्रश्न एकच, उत्तर एकच, अर्थ दोन. वरची दुरुस्ती या गृहीतकावर उभी आहे की खरा वर्ग कळला की शिक्क्याचा परिणामाशी वेगळा संबंध उरत नाही. इथे तो उरतो. कालवा विहिरीच्या उत्तरावरही बोलतो आणि कोयता उचलायचा की नाही यावरही. म्हणून गट पाडतानाच पाण्याचा स्रोत त्या प्रश्नाला थेट जोडावा लागतो, नाहीतर 'रब्बीला किती पाळ्या पाणी मिळालं' असं तरी विचारावं.

फळ्यावरचा तक्ता पुसत नाही, लिहून घ्या. आता प्रश्न घेऊ.