पडद्यावरील मृत व्यक्ती आणि प्रेक्षकाची प्रतिक्रिया : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना

सत्य घटनांवर आधारलेल्या गुन्हेविषयक कार्यक्रमांनी भारतीय दूरचित्रवाणीवर गेल्या अडीच दशकांत स्वतःचे स्थान निर्माण केले आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस फरार गुन्हेगारांचा शोध हा या कार्यक्रमांचा केंद्रबिंदू होता. २००३ मध्ये सोनी वाहिनीवर सुरू झालेल्या 'क्राइम पेट्रोल'ने आणि २०१२ पासून 'लाइफ ओके'वर आलेल्या 'सावधान इंडिया'ने घटनेच्या नाट्यीकरणाला महत्त्व दिले. या प्रवासात गुन्हेगार, तपास अधिकारी आणि सूत्रसंचालक या तिघांविषयी बरेच बोलले गेले. ज्याचा खून झाला त्या व्यक्तीचे चित्रण कसे होते आणि ते पाहून प्रेक्षक काय म्हणतो, हा प्रश्न मात्र समीक्षेच्या कडेलाच राहिला. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार भंडारा जिल्ह्यातील दोन घटनांच्या आधारे करण्याचा प्रयत्न केला आहे. हे सर्वेक्षण नव्हे. कथनरूपाची चिकित्सा हाच लेखाचा हेतू आहे.

साधारणीकरणाचा पेच

भारतीय काव्यशास्त्रात भट्टनायकाने मांडलेली साधारणीकरणाची संकल्पना येथे उपयोगी पडते. रंगभूमीवरील शोक हा विशिष्ट व्यक्तीचा न राहता सर्वसाधारण होतो, म्हणून प्रेक्षकाला त्याचा आस्वाद घेता येतो. काल्पनिक पात्राच्या बाबतीत ही प्रक्रिया निरुपद्रवी असते, कारण त्या पात्रामागे रडणारे आईवडील नसतात. सत्यगुन्हेकथेतील मृत व्यक्ती मात्र विशिष्टच असते. तिला घर असते, गाव असते, जात असते आणि तिच्या मृत्यूनंतर जगणारी माणसे असतात.

नाट्यीकरण करताना नाव व गाव बदलले जाते. कायदेशीर सावधगिरी म्हणून ते योग्यही असेल. परंतु नावाबरोबर अनेकदा जमीन, जात, पाण्याचा वा वाटेचा तंटा, पोलिसांचा विलंब हे तपशीलही गळून पडतात. उरतो तो प्रेम, संशय, लोभ आणि सूड यांचा परिचित साचा. अशा साच्यातून मृत व्यक्तीचे साधारणीकरण होत नाही, तिचे सपाटीकरण होते. हा फरक लक्षात न घेता या कार्यक्रमांना 'जनजागृती' म्हणणे घाईचे ठरेल.

प्रेक्षक काय विचारतो?

असे कार्यक्रम घरात एकत्र बसून पाहिले जातात आणि पाहताना बोलणे सुरूच असते. झाडीपट्टीतील प्रेक्षकाला हे नवीन नाही. दंडार असो वा मंडईतील रात्रभराचे नाटक असो, येथील प्रेक्षक खलपात्राला मोठ्याने दूषणे देतो, दुःखी पात्राच्या बाजूने हळहळतो. त्याची प्रतिक्रिया हा प्रयोगाचाच भाग असतो. दूरचित्रवाणीसमोर हीच सवय चालू राहते, मात्र तिची दिशा बदललेली जाणवते. "एवढ्या रात्री ती गेलीच कशाला?", "घरच्यांना सांगितलं का नाही?", "हिचंही काहीतरी असेलच" अशी वाक्ये आपण सर्वांनी ऐकली आहेत, क्वचित उच्चारलीही असतील. रंगमंचावर दूषणे खलपात्राला मिळत होती. येथे चौकशी मृत व्यक्तीची होते.

याचा सर्व दोष प्रेक्षकाला देणे न्याय्य नाही. भागाच्या शेवटी सूत्रसंचालक सावध राहण्याचा सल्ला देतो. सल्ल्याचे तर्कशास्त्र असे की, सावध राहिले असते तर मृत्यू टळला असता. म्हणजे मृत व्यक्तीकडून काही चूक झाली, हे गृहीतक कथनाच्या रचनेतच असते. प्रेक्षक ते केवळ बोलून दाखवतो. या दोषारोपाला एक भावनिक कारणही आहे. मृत व्यक्तीची चूक सापडली की आपण ती करणार नाही, म्हणून आपण सुरक्षित, असा दिलासा मिळतो. हा दिलासा ज्याला परवडतो त्याचे सामाजिक स्थान कोणते, हे पुढील उदाहरणातून स्पष्ट होते.

खैरलांजी : साचा आधी, सत्य नंतर

२९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातील खैरलांजी येथे भोतमांगे या बौद्ध कुटुंबातील सुरेखा, प्रियंका, रोशन आणि सुधीर या चौघांची जमावाने हत्या केली. कुटुंबप्रमुख भैयालाल भोतमांगे तेवढे वाचले. कुटुंबाची सुमारे पाच एकर शेती, तीतून रस्ता काढण्यावरून चाललेला वाद आणि एका नातेवाइकाला झालेल्या मारहाणीच्या प्रकरणात सुरेखा यांनी दिलेली साक्ष ही या घटनेची पार्श्वभूमी होती.

परंतु आरंभी जे कथन पसरले त्यात शेती नव्हती आणि साक्षही नव्हती. एका स्त्रीच्या कथित अनैतिक संबंधांमुळे गाव संतापले, अशी ती गोष्ट होती. येथे एक कालक्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. 'झी २४ तास' आणि 'स्टार माझा' या मराठी वृत्तवाहिन्या २००७ मध्ये सुरू झाल्या. खैरलांजी त्यापूर्वीची आहे. म्हणजे मृत स्त्रीच्या चारित्र्यातून खुनाचे कारण शोधणारा साचा चोवीस तासांच्या मराठी वाहिन्यांनी निर्माण केला, असे म्हणता येत नाही. तो समाजात तयारच होता. दूरचित्रवाणीने त्याला पार्श्वसंगीत दिले.

हे आरंभीचे कथन मोडले ते विदर्भात व राज्यात उसळलेल्या दलित आंदोलनाने. रस्त्यावर आलेली माणसेही या घटनेची प्रेक्षकच होती, पण त्यांनी मृतांची चूक शोधली नाही. जमीन, जात आणि प्रशासन या संदर्भात त्यांनी त्या चार मृत्यूंचा अर्थ लावला. मात्र याच काळात मृतदेहांची छायाचित्रेही प्रसृत झाली. अन्याय जगासमोर आणण्यासाठी ती दाखवावी लागली, ही बाजू समजण्यासारखी आहे. तरीही विटंबना झालेले शरीर पुनःपुन्हा पाहिले जाणे ही त्या व्यक्तीची दुसरी विटंबना नव्हे काय, हा प्रश्न आपल्याच बाजूच्या लोकांनाही विचारावा लागतो. पुरावा आणि प्रदर्शन यांच्यातील सीमा हेतूने पूर्णपणे ठरत नाही. चित्र कोठे, किती वेळा आणि कोणासमोर दाखवले जाते यावर ती अवलंबून असते.

भंडारा येथील न्यायालयाने सप्टेंबर २००८ मध्ये आठ जणांना दोषी ठरवून सहा जणांना फाशीची व दोघांना जन्मठेपेची शिक्षा दिली. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांच्या कारावासाची शिक्षा ठरवली. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्हा सिद्ध झाला, असे दोन्ही न्यायालयांनी मानले नाही. न्यायालयीन निकालाची चिकित्सा हा या लेखाचा विषय नाही. मात्र कथनाच्या अभ्यासकाला एक गोष्ट नोंदवावीच लागते : खुनाचे कारण 'सूड' या एका शब्दात सामावले की जात ही केवळ पार्श्वभूमी होऊन जाते. गुन्हेमालिकांच्या कथनातही नेमके हेच घडते. भैयालाल भोतमांगे यांचे जानेवारी २०१७ मध्ये निधन झाले. दहा वर्षे ते आपल्या माणसांची गोष्ट इतरांच्या तोंडून ऐकत होते.

लाखनी : नाव घेणे आणि नाव झाकणे

फेब्रुवारी २०१३ मध्ये लाखनी तालुक्यात तीन अल्पवयीन बहिणींचे मृतदेह विहिरीत सापडले. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर देश अस्वस्थ असतानाचा हा काळ होता आणि मराठी वृत्तवाहिन्या आता घरोघरी पोहोचल्या होत्या. १ मार्च २०१३ रोजी तत्कालीन केंद्रीय गृहमंत्री सुशीलकुमार शिंदे यांनी राज्यसभेत निवेदन करताना त्या मुलींची नावे उच्चारली. विरोधी सदस्यांनी आक्षेप घेतला आणि ती नावे कामकाजातून वगळण्यात आली.

लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या व्यक्तीची ओळख उघड करण्यास भारतीय दंडसंहितेच्या कलम २२८-अ नुसार मनाई होती. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये ती कायम आहे. व्यक्ती मृत झाली तरी तिची प्रतिष्ठा संपत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये निपुण सक्सेना प्रकरणात स्पष्ट केले. या तत्त्वाला अनुसरूनच प्रस्तुत लेखात त्या गावाचाही उल्लेख टाळला आहे. लहान गावात नाव झाकून चेहरा झाकला जात नाही. घर, शाळा, विहीर दाखवली की ओळख पटते.

येथे वाचकाला विसंगती वाटेल. खैरलांजीतील चौघांची नावे लेखात आहेत, लाखनीतील मुलींची नाहीत. परंतु दोन्ही निर्णयांमागे निकष एकच आहे. खैरलांजीत 'एक स्त्री' असे म्हणून अफवा पसरली होती. नाव घेतल्याने ती व्यक्ती पुन्हा माणूस झाली. लाखनीत नाव घेतल्याने बालिकांच्या दुःखाचे सार्वजनिक वस्तूत रूपांतर झाले असते. नाव घ्यावे की झाकावे याचे उत्तर प्रेक्षकाच्या उत्सुकतेतून मिळत नाही. मृत व्यक्तीच्या प्रतिष्ठेला काय साहाय्यक ठरते, हे पाहावे लागते.

प्रेक्षकांचा रोष आणि त्याची मर्यादा

प्रेक्षक निष्क्रिय असतो, असा समज योग्य नाही. वसईच्या एका तरुणीची २०२२ मध्ये दिल्लीत झालेली हत्या देशभर चर्चिली गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस 'क्राइम पेट्रोल'चा एक भाग त्या घटनेशी मिळताजुळता असल्याचे प्रेक्षकांना वाटले. पात्रांची धार्मिक ओळख बदलल्याबद्दल तीव्र निषेध झाला. भाग त्या घटनेवर आधारित नसल्याचे सांगून वाहिनीने दिलगिरी व्यक्त केली आणि तो मागे घेतला. प्रेक्षकांच्या प्रतिक्रियेत किती बळ असते, याचे हे ठळक उदाहरण होय.

तथापि हा रोष प्रामुख्याने खुन्याच्या ओळखीविषयी होता. त्या तरुणीचे चित्रण कसे झाले, तिच्या निर्णयांना मृत्यूचे कारण ठरवले गेले काय, तिच्या कुटुंबीयांना विचारले गेले काय, हे प्रश्न त्या गदारोळात मागे पडले. मृत व्यक्तीच्या नावाने व्यक्त होणारा प्रत्येक संताप तिच्यासाठीच असतो, असे नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून सत्यगुन्हेकथेच्या मूल्यमापनासाठी तीन निकष सुचवता येतील. पहिला, मृत व्यक्तीला खुनापूर्वीचे आयुष्य आहे काय? सुरेखा भोतमांगे यांनी शेती राखली, मुलांना शिकवले, निर्भयपणे साक्ष दिली; हे न सांगता केवळ त्यांचा मृत्यू सांगणारे कथन अपुरे ठरते. दुसरा, मृत्यूचे कारण तिच्या वर्तनात शोधले आहे, की मारणाऱ्यांच्या कृतीत आणि त्यांना मोकळीक देणाऱ्या व्यवस्थेत? तिसरा, मागे राहिलेल्या आप्तांनी हे चित्रण पाहिले तर त्यांना आपले माणूस त्यात ओळखू येईल काय?

हे निकष वर्गात वापरता येण्याजोगे आहेत. आपले विद्यार्थी हे कार्यक्रम पाहतात आणि त्यांतील अनेकजण याच जिल्ह्यातील गावांतून येतात. एखादा भाग संपल्यावर "ती तिथे का गेली?" या प्रश्नाऐवजी "त्यांनी तिला का मारले आणि त्यांना कोणी अडवले का नाही?" हा प्रश्न त्यांच्या तोंडी आला, तर समीक्षेने आपले काम काही अंशी केले असे म्हणता येईल. खैरलांजी ज्या जिल्ह्यात घडली, त्या जिल्ह्यातील महाविद्यालयांवर ही जबाबदारी इतरांपेक्षा थोडी अधिक आहे.