गृहीतक आणि प्रश्न : मराठी विभागांतील संशोधनपद्धतीच्या अध्यापनाविषयी

मराठी साहित्याच्या संशोधनात आज सर्वांत निष्काळजीपणे वापरला जाणारा शब्द कोणता, असे विचारले तर ‘गृहीतक’ या शब्दाकडे बोट दाखवावे लागेल. ज्याची सत्यता अद्याप ठरलेली नाही, जे तपासून पाहायचे आहे आणि तपासाअंती कदाचित टाकूनही द्यावे लागेल, असे विधान या शब्दाने अभिप्रेत असते. प्रत्यक्षात हा शब्द नेमके उलटे सुचवतो. गृहीत धरलेली गोष्ट कोणी तपासत नाही. तिच्यावर उभे राहून पुढचे काही तपासले जाते. आपल्या परिभाषेत ‘अभ्युपगम’ हा अधिक काटेकोर शब्द उपलब्ध होता. न्यायदर्शनातील अभ्युपगमसिद्धान्त म्हणजे एखादी असिद्ध गोष्ट तिच्या विशेषांच्या परीक्षणापुरती तात्पुरती मान्य करणे. तात्पुरतेपणाचा हा अर्थ त्या शब्दात अंगभूत होता. परंतु शब्द जड वाटला, मागे पडला, आणि त्याच्यासोबत तात्पुरतेपणाची जाणीवही मागे पडली.

हा केवळ परिभाषेचा वाद नाही. काही वर्षांपूर्वी परीक्षक म्हणून माझ्याकडे आलेल्या एका प्रबंधात ‘सदर लेखकाच्या कादंबऱ्यांतून ग्रामीण जीवनाचे वास्तव चित्रण आढळते’ हे पहिले गृहीतक होते. साडेतीनशे पृष्ठांनंतर निष्कर्षांच्या प्रकरणात पहिला निष्कर्ष होता, ‘सदर लेखकाच्या कादंबऱ्यांतून ग्रामीण जीवनाचे वास्तव चित्रण आढळून येते.’ दोहोंमध्ये फरक एवढाच की ‘आढळते’चे ‘आढळून येते’ झाले होते. मौखिक परीक्षेत मी विचारले की हे विधान चुकीचे ठरले असते तर ते आपल्याला कशावरून कळले असते. उमेदवाराला प्रश्न समजला नाही, आणि खरे सांगायचे तर मार्गदर्शकांनाही तो अनुचित वाटला. पदवी अर्थातच मिळाली. ती न देण्याचे कारण नियमांत कोठेही नव्हते. उलट नियमांनी मागितलेली प्रत्येक गोष्ट त्या प्रबंधात होती : विषयनिवडीचे कारण, उद्दिष्टे, गृहीतके, व्याप्ती, मर्यादा, महत्त्व. नव्हता तो फक्त प्रश्न.

ही स्थिती कशी आली याचा विचार करताना ‘विद्यार्थ्यांचा दर्जा घसरला’ हे सोयीचे उत्तर मला मान्य नाही. विद्यार्थी जे शिकवले तेच करतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी पीएच.डी.साठी पूर्व-अभ्यासक्रम आवश्यक केला. पुढे २०१६ आणि २०२२ च्या नियमांनी तो कायम ठेवला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीत महाराष्ट्रात २०२३-२४ पासून संशोधनपद्धती हा विषय एम.ए.च्या पहिल्याच सत्रात आला. हेतू योग्यच होता. परंतु हा विषय शिकवण्यासाठी जी पाठ्यपुस्तके हाताशी होती ती बहुतांशी शिक्षणशास्त्र आणि समाजशास्त्र यांच्यासाठी लिहिलेली होती. त्या शास्त्रांत नमुनानिवड, प्रश्नावली, चल आणि त्यांचे परस्परसंबंध या गोष्टींना नेमके स्थान आहे. तेथील प्रश्न त्या साधनांची मागणी करतात. साहित्याच्या वर्गात मात्र साधने आधी आली आणि प्रश्न मागाहून शोधावे लागले. एका कवीच्या तीन संग्रहांतून ‘यादृच्छिक पद्धतीने’ चाळीस कविता निवडल्याचे मी एका आराखड्यात वाचले आहे. कवितेचा वाचक ज्या कवितेशी अडखळतो तिच्यापाशी थांबतो. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या कवितेशी त्याने कोणत्या नात्याने बोलावे?

येथे कोणी म्हणेल की साहित्याभ्यासाला मुळात पद्धतीच नको, रसिकता पुरे. हे म्हणणे अधिक घातक आहे, आणि ते आपल्या परंपरेला धरूनही नाही. मराठीत साहित्यसंशोधनाची अत्यंत कठोर अशी एक परंपरा आहे. मात्र ती संशोधनपद्धतीच्या प्रश्नपत्रिकेत बहुधा ‘मराठी संशोधनाचा आढावा’ या टिपेपुरतीच उरते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ मध्ये सुरू होऊन १९६६ मध्ये पूर्ण झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती घ्या. १९२५ मध्ये वि. स. सुकथनकरांनी प्रमुख संपादकपद स्वीकारले, आणि १९३३ साली पूर्ण झालेल्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत त्यांनी आपण कोणता पाठ का स्वीकारला याचे नियम उघड मांडले. नियम उघड असल्यामुळेच त्यांच्याशी मतभेद व्यक्त करता येतो. ज्याला सुकथनकरांचा निर्णय पटत नाही त्याच्यासाठी नाकारलेले पाठ त्याच पृष्ठाच्या तळाशी छापलेले आहेत. पद्धती म्हणजे दुसरे काय? आपल्याला खोडून काढण्याची साधने आपल्याच हाताने वाचकाला देणे, एवढेच.

याच्या उलट उदाहरण राजवाड्यांचे. बीडजवळच्या पाटांगण येथे मिळालेल्या जुन्या पोथीवरून त्यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरी छापली. ती एकनाथपूर्व आणि खुद्द मुकुंदराजांच्या परंपरेशी निगडित आहे असा त्यांचा दावा होता. त्याच वर्षी त्या पाठाच्या आधारे ज्ञानेश्वरीच्या भाषेचे व्याकरणही त्यांनी सिद्ध केले. बुद्धीची ती झेप कोणाही अभ्यासकाला नम्र करणारी आहे. परंतु मूळ पोथी पुढे अभ्यासकांना उपलब्ध राहिली नाही. आज राजवाडे-प्रतीचा प्रत्येक पाठ आपण राजवाड्यांच्या शब्दावर स्वीकारतो किंवा नाकारतो. तिसरा मार्ग नाही. ज्या माणसाने मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांसाठी अवघा महाराष्ट्र पालथा घातला, अस्सल कागदाखेरीज कशावरही विश्वास ठेवू नये असे ज्याने दोन पिढ्यांना शिकवले, त्याच्याच बाबतीत हे घडावे हा विरोधाभास संशोधनपद्धतीच्या पहिल्या तासाला शिकवण्याजोगा आहे. प्रतिभा आणि पद्धती यांतील भेद त्यातून जितका कळेल तितका कोणत्याही व्याख्येतून कळणार नाही.

स. गं. मालशे यांचे ‘शोधनिबंधाची लेखनपद्धती’ हे छोटेखानी पुस्तक अनेक विभागांच्या संदर्भसूचीत असते. तळटीप कशी द्यावी, सूची कशी करावी यासाठी ते चाळले जाते. पण याच मालशे यांनी १९७५ मध्ये ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ पुन्हा प्रकाशात आणले हे विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितले जाते. १८८२ मध्ये छापलेले ते पुस्तक जवळपास विस्मृतीत गेले होते. त्याचा उल्लेख मात्र जोतीराव फुले यांच्या १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये होता, आणि फुल्यांचे समग्र वाङ्मय धनंजय कीर यांच्यासह मालशे यांनीच १९६९ मध्ये संपादित केले होते. या दोन गोष्टींत कार्यकारणसंबंध होता असे माझे म्हणणे नाही. एवढेच म्हणायचे आहे की नव्वद वर्षे ज्या लेखिकेची दखल मराठी वाङ्मयेतिहासाने घेतली नाही तिचे नाव एका समकालीन लेखकाने आपल्या मजकुरात नोंदवून ठेवले होते. संदर्भ देणे हा शिष्टाचार नव्हे. एखाद्या ग्रंथाच्या हयातीचा तो पुरावा असतो. स्वल्पविराम प्रकाशनवर्षाच्या आधी की नंतर या चर्चेत तास संपतो तेव्हा हे सांगायचे राहून जाते.

आता लेखनाकडे. प्रबंधांची एक विशिष्ट मराठी तयार झाली आहे. तिच्यात कर्ता नसतो. सर्व काही ‘दिसून येते’, ‘जाणवते’, ‘म्हणता येईल’. ‘प्रस्तुत संशोधकाच्या मते’ असा एखादा प्रयोग आला तरी त्यापुढे येणारे मत दुसऱ्याचेच असते. परिच्छेदाची रचना ठरलेली : एका समीक्षकाचे अवतरण, दुसऱ्याचे अवतरण, तिसऱ्याचे अवतरण, आणि ‘वरील विवेचनावरून असे स्पष्ट होते की’. हे तिघे परस्परांशी असहमत आहेत हे पुष्कळदा लेखकाच्या लक्षातही येत नाही, कारण त्यांना साक्षीदार म्हणून बोलावलेले असते, वादी-प्रतिवादी म्हणून नव्हे.

या भाषेची टिंगल करणे सोपे आहे. मीही वर थोडी केली. पण तिच्यामागे एक भय आहे. आज मराठी विभागांत येणारे कितीतरी विद्यार्थी त्यांच्या घरातले पहिले पदवीधर आहेत. थोरांचे म्हणणे खोडू नये, सरांच्या पुढे बोलू नये, हे त्यांनी शिकून घेतलेले असते. आणि ज्या समीक्षकाला खोडायचे तो पुष्कळदा मार्गदर्शकाचाही गुरू असतो. कर्ता लपवणारी वाक्यरचना ही अशा वेळी आश्रयस्थान ठरते. म्हणून मला वाटते की पद्धतीचे अध्यापन हा या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने सत्तेचा प्रश्न आहे. पुराव्याची शिस्त ज्याला आली त्याला वडीलधाऱ्यांशी असहमत होण्याचा सभ्य मार्ग मिळतो. ‘तुम्ही चुकता’ असे न म्हणता ‘हा पाठ, हे साल, हे पृष्ठ पाहा’ असे तो म्हणू शकतो. ज्याच्यामागे कुळाचे वा विद्यापीठाचे नाव नाही त्याला तळटीप हाच आधार. आपण त्याला तळटिपेचे टंकन शिकवले आणि तिचे सामर्थ्य सांगितले नाही.

वाङ्मयचौर्याविषयीचे २०१८ चे नियम याच अंगाने पाहण्यासारखे आहेत. साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही. त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत सुधारित प्रबंध सादर करावा लागतो, ६० पर्यंत वर्षभराची बंदी, आणि त्यावर नोंदणीच रद्द. सलग चौदा शब्दांपर्यंतचे योगायोगाचे साम्य मोजणीतून वगळले जाते. (मराठीसारख्या विभक्तिप्रत्ययांच्या भाषेत चौदा शब्दांत इंग्रजीपेक्षा बरेच अधिक मावते, याकडे कोणी लक्ष दिल्याचे दिसत नाही.) यंत्र मात्र जुळवू शकते ते यंत्राला वाचता येणाऱ्या मजकुराशीच. आपले पुष्कळ जुने समीक्षाग्रंथ अंकरूपात नाहीत. युनिकोडपूर्व टंकांत अक्षरजुळणी झालेला मजकूर त्याला निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. शोधगंगेवरील अनेक जुने प्रबंध ही केवळ पानांची छायाचित्रे आहेत. इंग्रजीतून मुकाट्याने उतरवलेला सिद्धान्त तर त्याच्या दृष्टीस पडणेच अवघड. परिणामी ज्याने अलीकडचा उपलब्ध लेख प्रामाणिकपणे वाचला त्याचा टक्का वाढतो आणि ज्याने १९६० सालच्या नियतकालिकातून पाने उचलली तो शून्यावर सुटतो. विद्यार्थी मग ‘टक्का खाली आणण्या’साठी शब्द बदलतात, ‘महत्त्वाचे’च्या जागी ‘मोलाचे’ घालतात. चौर्य ही नैतिक बाब न राहता अंकगणित होते. दुसऱ्याचे विचार कोठे संपले आणि माझे कोठे सुरू झाले ही सीमारेषा आखणे हेच लेखनाचे मुख्य शिक्षण होते. ते आपण यंत्राकडे सोपवले.

एक आक्षेप गंभीरपणे घ्यावा लागेल. ठरीव सांगाड्यामुळे सामान्य विद्यार्थ्याला निदान काहीतरी पुरे करता येते. सांगाडा काढून घेतला तर तो कोसळेल, असे अनेक अनुभवी अध्यापक म्हणतात. त्यांचा अनुभव खोटा नाही. एका मार्गदर्शकाकडे कितीतरी संशोधक आणि तासिकांचा भार असताना प्रत्येकाला प्रश्नापर्यंत नेणे अशक्यप्राय असते. परंतु सांगाड्याने आपण ज्याला वाचवतो त्याला नेमके कशापासून वाचवतो, हेही विचारले पाहिजे. ज्याला पाच वर्षांत एकही प्रश्न पडू दिला गेला नाही तो उद्या अध्यापक होऊन वर्गात उभा राहणार आहे.

मागे एका वर्गात मी आराखड्याचे सारे घटक बाजूला ठेवून एकच काम दिले होते. एका मध्ययुगीन कवीविषयी सर्वत्र उद्धृत होणारे एक विधान घ्यायचे आणि ते कोठून आले ते मागे मागे जात शोधायचे. दोन आठवड्यांनी मुले चार प्रबंध, दोन वाङ्मयेतिहास आणि एक जुनी प्रस्तावना ओलांडून मूळ लेखापाशी पोहोचली. तेथे ते विधान प्रश्नचिन्हासह होते. लेखकाने केवळ शंका व्यक्त केली होती. मधल्या कोणीतरी प्रश्नचिन्ह गाळले आणि पुढच्यांनी मूळ पाहिले नाही. वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, आम्हाला लावलेल्या पुस्तकातही हे असंच छापलंय. परीक्षेत काय लिहायचं?” पुढच्या सत्रात तासिकांची फेररचना झाली, आणि त्या कामाला वेळापत्रकात जागा उरली नाही.