ड्रायव्हर लिहिणे आणि सांभाळणे : एका पाठ्यग्रंथाच्या निमित्ताने

कॉर्बेट, रुबिनी व क्रोआ-हार्टमन यांच्या ‘लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर्स’ या ग्रंथाची तिसरी आवृत्ती २००५ साली प्रसिद्ध झाली. उपकरण जोडताच कर्नल त्याची ओळख पटवून योग्य ड्रायव्हर कसा शोधतो, याचे त्यातील विवेचन आजही वाचनीय आहे. उदाहरणे मात्र कर्नल २.६.१० ची. टायमर सिद्ध करण्याची त्यातील पद्धत ४.१५ मध्ये (२०१८) काढून टाकण्यात आली. तो कोड आज कंपाइलच होत नाही.

कर्नलची अंतर्गत रचना जो बदलतो, त्यानेच कर्नलमधील संबंधित ड्रायव्हर दुरुस्त करावेत, असा तेथील दंडक आहे. बाहेरच्या ड्रायव्हरला हे संरक्षण नाही. आतल्याही काहींपुढे ‘मेंटेनर्स’ फाइलमध्ये ‘ऑर्फन’, म्हणजे अनाथ, अशी नोंद आढळते. लासूर स्टेशनसारख्या ठिकाणी, जेथे जुनीच यंत्रे वर्षानुवर्षे वापरावी लागतात, ही नोंद क्षुल्लक नव्हे. ग्रंथातील असे एक बंद पडलेले उदाहरण आजच्या कर्नलवर चालते करणे, हे प्रात्यक्षिक म्हणून द्यावे असे प्रस्तुत लेखकास वाटते.