कोंबडे झाकणारी म्हातारी

नरकचतुर्दशीच्या पहाटे आम्हां मुलांना उठवताना आमच्या आजीची एक म्हण ठरलेली असे. पांघरूण डोक्यावरून ओढून घेणाऱ्या नातवाला ती म्हणे, "कोंबडे झाकून ठेवले म्हणून उजाडायचे राहत नाही हो!" मग न्हाणीघरात अंगाला तेल रगडता रगडता तिची गोष्ट सुरू होई. एका गावात एका म्हातारीपाशी कोंबडा होता. तो आरवला की गाव उठे. होता होता म्हातारीला वाटू लागले की सूर्य उगवतो तो आपल्याच कोंबड्यामुळे. एकदा ती गावावर रुसली आणि कोंबडा काखोटीला मारून रानात निघून गेली. दुसऱ्या दिवशी सूर्य आपला नेहमीप्रमाणे उगवला. म्हातारीची फजिती झाली आणि गोष्ट संपली.

शेजारच्या कानडी घरातली अज्जी हीच गोष्ट कानडीत सांगे. त्यामुळे ती मूळची कोणाची, असा वाद आम्हां सोलापूरच्या मुलांत कधी झाला नाही. मला शंका असे ती वेगळीच. ती म्हातारी पुढे गेली कुठे? आजीचे उत्तर एकच : "गेली रानात. डोळे मीट, उटणे जाईल."

जवळजवळ साठ वर्षांनी ही शंका एका सोळा मिनिटांच्या चित्रपटाने पुन्हा उकरून काढली. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या दूरचित्रवाणी विभागातील एक वर्षाच्या अभ्यासक्रमाच्या अखेरीस चार विद्यार्थ्यांनी चार दिवसांच्या चित्रीकरणात तो केला. दिग्दर्शक चिदानंद नाईक हे म्हैसूरचे, शिक्षणाने डॉक्टर. चित्रपटाची भाषा कानडी आणि नाव लांबलचक : 'सनफ्लॉवर्स वेअर द फर्स्ट वन्स टू नो', म्हणजे 'सूर्यफुलांना ते आधी कळले'. 2024 च्या मे महिन्यात फ्रान्समधील कान येथील महोत्सवात, जगभरच्या चित्रपटशाळांतून निवडलेल्या 18 विद्यार्थी-चित्रपटांत ह्याला पहिले पारितोषिक मिळाले. वृत्तपत्रांत तेव्हा पुष्कळ कौतुक झाले, पण ते सारे पारितोषिकाचे. गोष्टीकडे फारसे कोणी वळले नाही.

गोष्ट तीच आहे, आणि तीच नाही. एक म्हातारी गावाचा कोंबडा चोरते. सूर्य उगवत नाही. गावाची घडी विसकटते. कोंबडा परत यावा म्हणून भाकिताचा आधार घेतला जातो आणि म्हातारीच्या घरच्यांना गाव सोडावे लागते.

वाचकांनी पाहिलेच असेल की येथे दोन फेरफार झाले आहेत. आजीच्या गोष्टीत कोंबडा म्हातारीचा स्वतःचा होता, येथे तो गावाचा आहे. आजीच्या गोष्टीत सूर्य उगवला, येथे तो उगवत नाही. फेरफार दोनच, परंतु त्यांनी गोष्टीचा स्वभावच पालटतो. स्वतःचा कोंबडा घेऊन गेलेल्या बाईला हसता येते. गावाचा कोंबडा नेणारी चोर ठरते, आणि चोराला कोणी हसत नाही. शिवाय उजाडलेच नाही म्हटल्यावर तिचा गर्व हा गर्व राहत नाही, तो खराच ठरतो. म्हणजे जी वेडी होती ती आता धोक्याची झाली.

असले फेरफार नीट मोजावयाचे तर एखादे माप हवे. तसे माप व्लादिमीर प्रॉप नावाच्या रशियन पंडिताने 1928 साली करून ठेवले आहे. त्याने 100 रशियन अद्भुतकथा घेतल्या आणि त्यांतील माणसे बाजूला सारून केवळ घटना पाहिल्या. कोठे राजा नायकाला गरुड देतो, कोठे म्हातारा घोडा देतो. देणारा बदलतो, दिलेली वस्तू बदलते, 'देणे' हे कार्य मात्र तेच. अशी 31 कार्ये त्याला सापडली. एका गोष्टीत ती सगळी असतात असे नाही, पण असतात ती बहुधा ठराविक क्रमानेच येतात. पात्रांचीही त्याने सातच खणांत वाटणी केली : खलनायक, दाता, साहाय्यक, राजकन्या आणि तिचा पिता, पाठवणी करणारा, नायक आणि तोतया नायक. सोवळ्या रसिकांना हा प्रकार फुलाच्या पाकळ्या मोजण्यासारखा वाटतो. मलाही पुष्कळ दिवस तसेच वाटे.

पण हे माप आपल्या म्हातारीला लावून पाहा. प्रॉपच्या मते खरी गोष्ट सुरू होते ती आठव्या कार्यापासून. एक तर खलनायक काही दुष्कृत्य करतो, नाहीतर घरात कशाची तरी उणीव भासू लागते. दुष्कृत्यांची यादी देताना त्याने पळवून नेणे, मंतरलेली वस्तू लाटणे, पिकाची नासाडी करणे ह्यांच्या जोडीला एक विलक्षण प्रकार नोंदवला आहे : दिवसाच्या उजेडाची चोरी! म्हैसूरच्या मुलाने आजी-पणजीकडून आलेली गोष्ट घ्यावी आणि तिच्यासाठी लेनिनग्राडच्या पंडिताने खण आधीच करून ठेवलेला असावा, ही गंमत नव्हे तर काय? तेव्हा म्हातारी खलनायक, गाव पीडित, कोंबडा ही हरवलेली वस्तू. सारे कसे चपखल बसले.

बसले खरे, पण येथेच थांबून चालत नाही. अकराव्या कार्यात नायक घर सोडून निघतो. ह्या गोष्टीत घर कोण सोडते? गावकरी नव्हेत, म्हातारीच्या घरची माणसे. आणि शिक्षा? प्रॉपच्या क्रमात खलनायकाला शासन होते ते अगदी शेवटी, तिसाव्या कार्यात, लग्नाच्या अक्षता पडण्यापूर्वी. येथे शिक्षा मध्येच येते, आणि चोरी न केलेल्यांच्या वाट्याला येते. क्रम असा मोडला की दोन गोष्टी संभवतात. एक तर सांगणाऱ्याला गोष्ट सांगता येत नाही, किंवा आपण खणांवरच्या चिठ्ठ्या चुकीच्या चिकटवल्या आहेत.

प्रॉपनेच ह्यावर एक तोडगा सांगितला आहे, आणि घाईने वाचणारे तो ओलांडून पुढे जातात. नायक दोन जातीचे असतात, असे तो म्हणतो. एक शोधाला निघणारा. दुसरा स्वतःच सोसणारा, म्हणजे ज्याला पळवले, हाकलले, वनवासाला धाडले तो. ह्यांपैकी नायक कोण हे कसे ठरवावयाचे? गोष्टीचा धागा कोणामागे जातो ते पाहावे. मुलगी पळवली गेली आणि गोष्ट तिला शोधणाऱ्या भावाबरोबर निघाली, तर भाऊ नायक. गोष्ट मुलीबरोबर गेली, तर मुलगी नायिका. चांगले-वाईट, अपराधी-निरपराधी ह्यांचा येथे काही संबंध नाही. चित्रपटाला तर हा नियम अधिकच लागू पडतो, कारण कॅमेऱ्याला एका वेळी एकाच ठिकाणी असता येते. वेशीच्या आत थांबावे की बाहेर पडणाऱ्यांबरोबर चालावे, ह्याचा निर्णय त्याला करावाच लागतो.

आमची आजी वेशीच्या आत थांबली होती. म्हणून म्हातारी रानात गेली आणि संपली.

क्लोद लेव्ही-स्ट्रॉस ह्या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञाने 1960 साली प्रॉपवर टीका केली की, आकारापायी तो आशय हरवून बसतो आणि मग एक कथा दुसरीहून निराळी का हेच सांगता येत नाही. आक्षेप वजनदार आहे. कोंबडा गावाचा की म्हातारीचा, हा भेद प्रॉपच्या खणांत मावत नाही. तो कळण्यासाठी ते गाव ठाऊक असावे लागते, तेथे कोणाला काय चोरल्याबद्दल काय भोगावे लागते हे ठाऊक असावे लागते.

आणि सोलापूरच्या माणसाला ते थोडेफार ठाऊक असते. आमच्या गावाचा कोंबडा म्हणजे गिरणीचा भोंगा. माझ्या लहानपणी घड्याळ नसलेली घरे त्यावरच उठत, त्यावरच स्वयंपाकाला लागत. तो झाकण्याचाही प्रकार येथे होऊन गेला आहे. 1949 च्या ऑगस्टमध्ये व्यवस्थापकांनी जुनी गिरणी बंद केली. सूर्य उगवत राहिला, पण हजारो घरांत उजाडले नाही. 1950 च्या जानेवारीत सरकारला अध्यादेश काढून गिरणीचा कारभार हाती घ्यावा लागला आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या गोष्टीत खलनायकाच्या खणात कोणाला बसवावयाचे, ह्यावर मोठमोठे वकील भांडले.

ज्यांच्या बाबतीत कोणी भांडले नाही अशी माणसेही ह्याच शहरात होती. 1871 च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. सोलापुरात तारेच्या कुंपणात त्यांची वसाहत होती, जुने लोक त्या भागाला अजूनही 'सेटलमेंट'च म्हणतात. तेथली माणसे गिरण्यांत कामाला जात आणि परतून हजेरी देत. भोंगा त्यांनाही उठवी. चोरी कोणी केली हे विचारण्यापूर्वीच शिक्षा सबंध घराला, सबंध जातीला. 1952 साली तो कायदा रद्द झाला. चित्रपटातील म्हातारीच्या घरच्यांनी गाव सोडले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे त्यामुळेच म्हैसूरकडचे रान आले नाही, ती तार आली.

आमच्या जिल्ह्यातीलच एका विद्यार्थ्याने ह्या खणाशी पूर्वी झटापट केलेली आहे. करमाळा तालुक्यातील जेऊरच्या नागराज मंजुळे ह्यांनी नगरच्या महाविद्यालयात शिकत असताना 'पिस्तुल्या' हा लघुपट केला. शाळेची ओढ असलेला एक पोर आणि त्याला चोरीकडे ढकलणारे दारिद्र्य, एवढीच त्याची सामग्री. त्याला पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो 'नॉन-फीचर' गटात. आमची वृत्तपत्रे त्या गटाला 'कथाबाह्य' म्हणतात, आणि ज्याच्यात कथेवाचून दुसरे काहीच नाही त्या चित्रपटाला हे विशेषण लागावे ह्याचे मला अजून हसू येते. प्रॉपच्या भाषेत बोलावयाचे तर 'पिस्तुल्या' आठव्या कार्याच्या दुसऱ्या फाट्याने जातो. त्याची सुरुवात दुष्कृत्यापासून होत नाही, उणिवेपासून होते. वहीची उणीव, पाटीची उणीव. चोरी पुढे येते, आणि ती येते तोवर प्रेक्षक त्या पोराबरोबर इतके चालून गेलेला असतो की 'खलनायक' ही चिठ्ठी त्याला कोठे चिकटवावी ते सुचत नाही. हीच चोरी आधी दाखवली असती, आणि शाळा मागाहून, तर चित्रपट नुसता कणव मागणारा झाला असता. मंजुळ्यांच्या पुढच्या मोठ्या चित्रपटांची कीर्ती अधिक झाली, पण क्रमाची ही समज मला त्या लघुपटातच पुरी दिसते.

सूर्यफुलांच्या चित्रपटाची वाट अधिक अवघड. तो चोरीपासूनच सुरू होतो, म्हणजे चिठ्ठी आधीच चिकटलेली असते. ती सोलून काढणे हे सोळा मिनिटांत आणि बहुतेक अंधारात करावयाचे. मला वाटते, दिग्दर्शकाने कोंबडा गावाचा केला ह्याचे मोल येथे कळते. म्हातारीची बाजू घेणे सोपे होऊ नये, अशी त्याने स्वतःच तजवीज करून ठेवली आहे.

राहता राहिले ते नाव. आपल्याकडच्या सूर्यफुलाच्या शेतात सकाळी उभे राहिलेल्यांना ठाऊक असेल की दिवसभर सूर्यामागे वळतात त्या कोवळ्या कळ्या. पुरते उमललेले फूल वळत नाही, ते पूर्वेकडे तोंड करून उभे राहते, सूर्य असो वा नसो. आरवणारा कोंबडा आणि कळणारे फूल ह्यांतला फरक त्या लांबलचक नावात आहे, तो कोणत्याही खणात घालण्याची मला घाई नाही.

गेल्या दिवाळीत नातीला तेल लावताना मी तिला आजीची गोष्ट सांगितली. सूर्य उगवला, म्हातारीची फजिती झाली. नात म्हणाली, "आणि ती म्हातारी?" मी तेलाची वाटी खाली ठेवली आणि गोष्ट पुन्हा रानापासून सुरू केली. बंबातले पाणी निवत आले, आतून सूनबाईंची हाक आली, बाहेर पहिला फटाका वाजला, तरी म्हातारी अजून चालतच होती.